अडकलेले पैसे: दिवाणी दावा की लोकअदालत?

उसने दिलेले किंवा कामाचे पैसे अडकले की अनेकजण कोर्टात दिवाणी दावा की दोघांच्या संमतीने तडजोड घडवणारी लोकअदालत, या दोन वाटांपाशी थबकतात. कायदा दोन्हीकडे तोच. फरक पाडतो तो खिसा.

खर्च: दाव्याला कोर्ट फी, वकिलाची फी आणि तारखेला बुडणारी मजुरी. लोकअदालतीत कोर्ट फी नाही. चालू दावा तिथे मिटला तर भरलेली फीही परत मिळते.

वेळ: दावा वर्षानुवर्षे रेंगाळू शकतो, वर अपील. लोकअदालतीचा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच (निकालाच्या आदेशाइतकाच) पक्का, त्यावर अपील नाही. मात्र समोरचा राजी नसेल तर निवाडाच होत नाही. माझी खरी काळजी इथे आहे: ज्याच्याकडे पुढच्या महिन्याचं भाडं नाही, तो लाखाच्या जागी साठ हजारांवर सही करतो. याला तडजोड म्हणवत नाही. सहीआधी तालुका विधी सेवा समितीत जाच. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिला, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

रक्कम लहान आणि समोरचा बोलायला तयार असेल तर लोकअदालत. तो देणंच नाकारतोय आणि कागद तुमच्या हातात आहेत, तर दावा. तोही साधारण ३ वर्षांच्या मुदतीत.