स्ट्राँग हायब्रिड घेऊन खरंच पैसे वाचतात का? घोडबंदरवरचा हिशोब

सोसायटीत, ऑफिसात, लग्नाकार्यात माझ्या स्ट्राँग हायब्रिड गाडीबद्दल जो तो एकच विचारतो, "अ‍ॅव्हरेज किती देते?" आणि वीसच्या वरचा आकडा ऐकला की "मग काय, पैसे वसूल!" म्हणून मोकळे. अ‍ॅव्हरेज चांगलंच आहे हो, पण पैसे वसूल होणं ही वेगळी भानगड आहे, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकते.

गाडी मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर या जोडीतली एक, कुठली ते सोडा, आतलं इंजिन आणि बॅटरी दोन्हीत सेमच आहे. १.५ लिटरचं तीन सिलिंडरवालं पेट्रोल इंजिन, जोडीला इलेक्ट्रिक मोटर, मिळून ताकद ११६ पीएस. कंपनीचा अ‍ॅव्हरेजचा आकडा लिटरला २७.९७ किमी. ठाण्यात हा आकडा विसरायचा. मला कासारवडवली ते महापे, मधे नवऱ्याला ऐरोलीला सोडून, एसी कायम चालू, असं २० च्या आसपास मिळतं, थंडीत जरा वर, मे महिन्यात खाली. पण हेही लक्षात घ्या की याच साइजची साधी पेट्रोल ऑटोमॅटिक याच रस्त्यावर ११-१२ वर येते. माझी आधीची यायची, शेजारच्यांची आजही येते.

आता एक गोष्ट आधी क्लिअर करून घ्या कारण शोरूममध्ये यात हमखास गोंधळ होतो. गाडीच्या मागे हायब्रिड लिहिलं म्हणजे ती हायब्रिडच असं नाही. माइल्ड हायब्रिड म्हणजे इंजिनाला नुसता हात लावायला छोटी मोटर, ती एकटी गाडी ढकलू शकत नाही. स्ट्राँगमध्ये इंजिन पूर्ण बंद होऊन गाडी मोटरवर चालते, आणि ब्रेक मारला की तीच मोटर उलटी जनरेटर होऊन बॅटरी भरते, चार्जर-बिर्जर लावायची भानगडच नाही. किमतीत फरक लाखांत आहे, त्यामुळे सेल्सवाला "मॅडम हायब्रिडच आहे ही पण" म्हणाला तर कुठलं ते विचारा.

ट्रॅफिकमध्ये ही गाडी काय करते ते बघण्यासारखं आहे. संध्याकाळी माजिवड्यापासून कापूरबावडीपर्यंत सगळं तुंबलेलं, मेट्रोचे पत्रे, बाजूला कंटेनर, आणि आपण पाच-दहाच्या स्पीडने सरकतोय. इंजिन गप्प. स्क्रीनवर बाण बॅटरीकडून चाकाकडे, ब्रेकवर पाय ठेवला की बाण उलटा फिरतो. एसीचा कॉम्प्रेसरसुद्धा बॅटरीवर चालतो म्हणून इंजिन बंद असलं तरी गार हवा येत राहते. पण बॅटरी अगदी छोटी आहे, एक युनिटसुद्धा वीज मावत नाही तिच्यात, त्यामुळे मे महिन्यात जाम लांबला की एसीच ती खाऊन टाकतो, मग इंजिन आपोआप सुरू होतं, थोडं चार्ज करतं, परत बंद. पहिल्यांदा बसणारा माणूस दचकून विचारतो की गाडी बंद पडली का. उलट रस्ता मोकळा मिळाला की जादू संपली. गायमुखच्या घाटात जोरात दाबली की तीन सिलिंडरचा आवाज आत येतो, आणि एक्सप्रेसवेवर शंभरला सोडली तर इंजिन जवळपास सतत चालू, तिथे मला १९-२० मिळतं आणि साधी पेट्रोलही १६-१७ देऊन जाते.

माझ्या मते सगळा हिशोब इथेच आहे. लोक फक्त रनिंग विचारतात, रनिंग कुठलं ते विचारत नाहीत. हायब्रिड पैसे वाचवते ते तुंबलेल्या रस्त्यावर. तुमचं रनिंग जास्त आहे पण ते सगळं पुणे-नाशिक हायवेवरचं असेल तर वर्षाला १२ हजार किमी मारून वाचणार किती, १७ आणि २० मधला फरक, जेमतेम १०६ लिटर. म्हणजे अकरा हजार रुपये. त्याच्यासाठी कोण लाखो रुपये जास्त देईल!

आता माझे आकडे. पेट्रोल १०४ धरलंय. कोटेशनवर साधी ऑटोमॅटिक आणि हायब्रिड यात ऑन-रोड साडेतीन लाखांचा फरक होता, त्यातला थोडा भाग हायब्रिडमध्ये जास्त असलेल्या फीचर्सचा, पण फीचर्स नको, फक्त हायब्रिड द्या असं म्हणायची सोय नसते. शिवाय १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीवर आपल्याकडे रोड टॅक्स १२ टक्के, म्हणजे एक्स-शोरूममधला फरक आरटीओत गेल्यावर आणखी फुगतो, इन्शुरन्सही वाढीव किमतीवर. उत्तर प्रदेशने २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा रजिस्ट्रेशन टॅक्स माफ केला, आपण बसलोय भरत. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले तेव्हाही चार मीटरवरच्या हायब्रिडला काही खास मिळालं नाही, साध्या पेट्रोलसारखाच ४० टक्के, आणि इलेक्ट्रिकला ५.

आमचं रनिंग महिन्याला साधारण दीड हजार किमी. साध्या गाडीला १२ ने १२५ लिटर, १३ हजार रुपये. हायब्रिडला २० ने ७५ लिटर, ७,८००. वाचले ५,२०० महिन्याला, वर्षाला ६२ हजारांच्या वर. साडेतीन लाख भागिले हे, साडेपाच वर्षं आणि वर थोडं. ऐकायला बरं वाटतं ना? आता लोन घाला. तेच साडेतीन लाख ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर नुसत्या त्या फरकाचा हप्ता ७,२६५ आणि पेट्रोलमध्ये वाचतायत ५,२००, म्हणजे पाच वर्षं दर महिन्याला खिशातूनच जातायत. व्याज धरून वसुली सात वर्षांवर जाते. ज्यांचं रनिंग महिन्याला हजारच आहे त्यांची व्याज न धरता आठ वर्षांच्या पुढे. आणि रोख दिले म्हणून व्याज नाही असं समजू नका, तेच पैसे एफडीत ७ टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला साडेचोवीस हजार आले असते, ते कोण मोजणार.

हायब्रिड बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी आहे. म्हणजे आमच्या केसमध्ये गाडीने आपले पैसे फेडले-न फेडले तोवर वॉरंटी संपायला आली. मी गाडी दहा वर्षं ठेवणार म्हणून मला गणित जमतं, दर चार-पाच वर्षांनी गाडी बदलणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये, रिसेलला फरकातला थोडाफार परत येईलही पण त्या भरवशावर साडेतीन लाख कशाला लावायचे.

मेंटेनन्समध्ये थोडं बरं आहे. नेहमीचा स्टार्टर मोटर नाही, अल्टरनेटर नाही, क्लच प्लेट नाही, ब्रेक मोटरच जास्त मारते म्हणून पॅड सावकाश झिजतात. बाकी ऑइल-फिल्टर सगळं आहेच, आणि साधी १२ व्होल्टची बॅटरीही आहे, ती उतरली तर एवढी महागडी गाडी दारात ठप्प.

आणि हो, डिकी. हायब्रिडची बॅटरी मागे असल्यामुळे डिकीचा मजला वर आलाय. मोठी बॅग उभी राहत नाही. गणपतीला गावी जाताना चार जणांचं सामान, वर सासूबाईंची तांदळाची पिशवी आणि नारळ म्हटल्यावर मागच्या सीटवर पायाशी सामान घेऊन बसावं लागतं. शोरूममध्ये डिकी उघडून दाखवतात तेव्हा रिकामी असते, आपली बॅग घेऊन जा सरळ.

सीएनजीवाले आता म्हणतील की आम्ही काय घोडं मारलंय. खरंय. याच गाडीची सीएनजी येते, किलोला ऐंशी धरले आणि ट्रॅफिकमध्ये १९ किमी धरले तर दीड हजार किमीला साधारण ६,३०० रुपये, म्हणजे माझ्या हायब्रिडपेक्षाही स्वस्त, आणि गाडीची किंमतही लाखांनी कमी. नुसता पैशाचाच विचार असेल तर उत्तर सीएनजी, विषय संपला. पण ती फक्त मॅन्युअलमध्ये आहे आणि कापूरबावडीला रोज क्लच मारून माझा गुडघा बोलायला लागला होता. शिवाय पंपावरची रांग. नोव्हेंबर २०२५ मध्ये पाइपलाइनच्या बिघाडाने मुंबई-ठाण्यात गॅस अडला तेव्हा रिक्षावाल्यांचे काय हाल झाले ते बघितलंय सगळ्यांनी.

इलेक्ट्रिकचं म्हणाल तर ठाण्यात सगळ्यात फायद्याची तीच, रोड टॅक्स नाही, अटल सेतू आणि समृद्धीला टोल नाही (हायब्रिडला यातलं काही नाही, भरा गुपचूप). पण आमची पार्किंग स्टॅकमधली (एकावर एक गाड्या ठेवतात ती) आहे, वरच्या मजल्यावर, तिथे चार्जर पॉइंट ओढायचा म्हटलं की कमिटीचे काका फायर सेफ्टीवर भाषण देतात. ज्यांना स्वतःच्या पार्किंगमध्ये मीटरवरून लाइन मिळते त्यांनी हे सगळं वाचण्यात वेळ घालवू नये.

मला गाडी आवडते का, तर खूप. इंजिन न घरघरता ठाणे-बेलापूर रोडवरच्या सिग्नलला शांत उभं राहणं, टाकी ४५ लिटरची असून पंपावर फारसं जावं न लागणं, याची सवय लागते. पण हे सुख आहे, बचत नव्हे. टेस्ट ड्राइव्ह मात्र रविवारी सकाळी घेऊ नका, सेल्सवाले तीच वेळ देतात. शुक्रवारी संध्याकाळी सातला मागा आणि मानपाड्याहून माजिवड्याला जाऊन या, तेव्हा कळेल तुमच्यासाठी आहे की नाही.

माझा डोंबिवलीचा मावसभाऊ, वर्क फ्रॉम होम, महिन्याला चारशे किमीसुद्धा गाडी फिरत नाही. त्याला हे सगळे आकडे कागदावर लिहून दिले आणि म्हटलं बाबा, साधी पेट्रोल मॅन्युअल घे. त्याने कागद नीट घडी घालून खिशात ठेवला आणि परवा हायब्रिड बुक केली. लाल रंगात हवीये म्हणून वेटिंगमध्ये आहे.