प्रिझम लॉन्चर: माइनक्राफ्टचे मॉड सांभाळायला माझ्या मते सगळ्यात बरा

आपल्या बेळगाव भागातल्या पोरांसाठी लिहायलोय, शहापूर, वडगाव, टिळकवाडी, खानापूर, निपाणी, कुठलेही असा, पीसीवर माइनक्राफ्ट जावा एडिशन मॉड (गेममध्ये भर घालणाऱ्या नाहीतर बदल करणाऱ्या फाइली) घालून खेळायचं असेल तर प्रिझम लॉन्चर घाला, लॉन्चर म्हणजे गेम सुरू करून देणारा प्रोग्रॅम. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, मध्ये मध्ये जाहिराती येत नाहीत, आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चालतो. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांच्या पीसीवर आता हाच आहे आणि आम्ही सगळे वेगवेगळ्या प्रकारे वापरतो, त्यामुळं जरा सविस्तरच सांगतो.

आधी अडचण काय असते ते बघा. असला लॉन्चर नसताना मॉड घालायचा म्हणजे डॉट माइनक्राफ्ट नावाच्या फोल्डरात जायचं, तिथं मॉड्स फोल्डर करायचं, त्यात जार फाइल टाकायची. एक मॉड, एक व्हर्जन असेपर्यंत ठीक चालतं. पण धाकट्या भावाला गेमच्या जुन्या १.१२.२ व्हर्जनवरचा फोर्जचा पॅक, म्हणजे बऱ्याच मॉडचा गठ्ठा, खेळायचाय, तुम्हाला नव्या व्हर्जनवर फॅब्रिक पाहिजे (फोर्ज, फॅब्रिक हे गेममध्ये मॉड चालवणारे लोडर), आणि चुलत भाऊ सुट्टीला आला की त्याला नुस्ता साधा गेम पाहिजे, तर सगळ्यांचे मॉड एकाच फोल्डरात येऊन बसतात आणि गेम उघडायच्या आधीच क्रॅश होतो. गेमच्या मूळ लॉन्चरमध्येपण वेगवेगळे फोल्डर देता येतात, नाही असं नाही, पण ते सगळं हातानं करावं लागतं आणि मॉड शोधून आणायचं काम तुमच्याकडंच राहतं.

प्रिझमचं सगळं काम इन्स्टन्सवर चालतं. एक इन्स्टन्स म्हणजे एक वेगळा गेम समजा, त्याचं व्हर्जन वेगळं, मॉड वेगळे, सेटिंग वेगळं, वर्ल्ड वेगळे. जुन्या वाड्यात जशा भावाभावांच्या खोल्या आणि कुलपं वेगळी असतात तसं, एका खोलीत कितीबी गोंधळ घाला, शेजारच्या खोलीला कळतसुद्धा नाही. मला विचाराल तर या एका गोष्टीसाठी हा लॉन्चर घ्यावा, बाकीचं सगळं वरचं. आणि गेमच्या मूळ फाइली, म्हणजे आवाज, लायब्ररी वगैरे, सगळ्या इन्स्टन्समध्ये मिळून एकच ठेवलेल्या असतात, त्यामुळं त्याच व्हर्जनचा दुसरा इन्स्टन्स केला तर परत सगळं डाऊनलोड होत नाही. खानापूरकडं आत जंगलाच्या बाजूला नेट कसं असतं ते तिथल्यांना माहिताय, त्यांच्यासाठी हे फार कामाचं आहे.

आता आम्ही काय करायलोय ते सांगतो म्हणजे मॉड कसे घालायचे ते नीट कळंल. दिवाळीला आपल्याकडं गल्लोगल्ली पोरं मातीचे किल्ले करतात, तसा आम्ही माइनक्राफ्टमध्ये बेळगावचा भुईकोट किल्ला करायलोय. बाहेरचा खंदक, लांबट गोल तटबंदी, आतली कमल बस्ती, सफा मशीद, सगळं. त्याच्या पलीकडं एका वेगळ्या वर्ल्डमध्ये येळ्ळूरचा राजहंसगड आहे, तो डोंगरावर असल्यामुळं आधी डोंगरच करावा लागला. एवढं बांधकाम एकेक ब्लॉक ठेवून करायचं म्हणजे जन्म जाईल, म्हणून लाइटमॅटिका नावाचा मॉड लागतो, बुरूज एकदा बांधून सेव्ह केला की त्याची पुसट आकृती दुसरीकडं दिसते आणि तिच्यावर बांधत जायचं. हा मॉड चालायला मालिलिब नावाची दुसरी लायब्ररी लागते. प्रिझममध्ये इन्स्टन्स एडिट करायचा, मॉड्समध्ये जाऊन डाऊनलोड मॉड्स दाबायचं, नाव शोधायचं, घेतलं की त्याला आणखी काय काय लागतं ते तो स्वतःच शोधून यादीत घालतो आणि एकदा विचारून सगळं उतरवतो. तुम्ही ज्या व्हर्जनवर आणि ज्या लोडरवर आहात तेवढ्याचेच मॉड समोर येतात, त्यामुळं फोर्जचा मॉड फॅब्रिकमध्ये जाऊन बसलाय असं होत नाही. मॉडरिंथ आणि कर्सफोर्ज या मॉडच्या दोन्ही साइटवरचं तिथूनच मिळतं, ब्राऊझर उघडायचं काम नाही.

लोडरचं थोडक्यात सांगतो कारण नवीन पोरं इथंच अडकतात. फोर्ज जुना, मोठमोठे पॅक त्याच्यावर आहेत. फॅब्रिक २०१८ साली आला, हलका आहे, नवीन व्हर्जन आलं की लवकर तयार होतो. निओफोर्ज २०२३ मध्ये फोर्जमधून वेगळा झाला आणि आता नव्या व्हर्जनचे बरेच मोठे मॉड त्याच्याकडं वळलेत. क्विल्ट पण आहे. प्रिझममध्ये चारही एका क्लिकमध्ये बसतात.

साध्या पीसीवाल्यांनी पुढचं नीट वाचा. आपल्यातले कितीतरी जण ग्राफिक्स कार्ड नसलेल्या जुन्या पीसीवर नाहीतर कॉलेजसाठी घेतलेल्या लॅपटॉपवर खेळतात, आणि त्यांना वाटतं मॉड म्हणजे गेम आणखी जड होणार. उलटं आहे. सोडियम घातला की चित्र काढायची सगळी पद्धतच बदलते आणि फ्रेम्स चांगल्याच वाढतात, लिथियम गेमच्या आतली आकडेमोड हलकी करतो, फेराइटकोर घातला की गेम मेमरी कमी खातो. हे तिन्ही घालून एक इन्स्टन्स करा, दुसरं काहीच घालू नका आणि साध्या गेमशी ताडून बघा, फरक डोळ्यांना दिसतो. मॉड म्हणजे नुस्ते ड्रॅगन आणि तलवारी असं समजणाऱ्या आईवडिलांनापण हे दाखवायला बरं, नवीन पीसी मागायच्या आधी.

मेमरी किती द्यायची हे प्रत्येक इन्स्टन्सला वेगळं ठरवता येतं. ८ जीबी रॅम असंल तर साध्या इन्स्टन्सला ३ जीबी पुरे, मोठ्या पॅकला ४-५ द्या. सगळी ८ देऊन टाकली तर विंडोजला काही उरत नाही आणि पीसीच अडखळायला लागतो. गेम ज्याच्यावर चालतो त्या जावा प्रोग्रॅमचंही तसंच, १.१२.२ वरच्या फोर्जला जावा ८ लागतं, १.१८ ला १७, आणि १.२०.५ ला २१. पूर्वी हे एकेक शोधून घालायचं म्हणजे डोकं उठायचं. प्रिझममध्ये ९.० व्हर्जनपासून जे लागतंय ते जावा तो स्वतःच उतरवून त्या त्या इन्स्टन्सला जोडतो. माझ्या मते इन्स्टन्सनंतर दुसऱ्या नंबरची चांगली गोष्ट हीच.

आता जिथं हात आखडतो ते. कर्सफोर्जवरच्या काही मॉडच्या मालकांनी बाहेरच्या लॉन्चरमधून डाऊनलोड बंद ठेवलेलं असतं. मोठा पॅक घातला की मध्येच एक खिडकी येते, अमुक अमुक फाइली तुम्ही स्वतः जाऊन घ्या म्हणून. लिंक तिथंच असतात, एकेक उघडून डाऊनलोड करायचं, प्रिझम तुमच्या डाऊनलोड्स फोल्डरवर लक्ष ठेवून असतो आणि फाइल आली की स्वतःच उचलतो. दोन-तीन फाइली असतील तर काही वाटत नाही, वीस-पंचवीस असतील तर कंटाळा येतो. मॉड करणाऱ्याचा तो हक्क आहे आणि तो पाळला जातोय हे मला पटतं, त्यानं फुकटात एवढं काम केलेलं असतं. पण ज्याला असला पॅकच खेळायचाय आणि दुसरं काही नको, त्याला कर्सफोर्जचं स्वतःचं ॲप सोपं पडंल.

दुसरं म्हणजे दिसायला साधा आहे. मॉडरिंथचं ॲप बघितलं तर ते जास्त देखणं आहे, मोठमोठी चित्रं वगैरे. प्रिझममध्ये बटणं, याद्या, टॅब, बास. मला हेच आवडतं कारण जुन्या पीसीवर पटकन उघडतो, पण बारक्या पोरांना पहिल्यांदा जरा बिचकायला होतं. त्यांच्यासाठी वरती मांजराचं एक बटण आहे, ते दाबलं की मागं मांजर येऊन बसतं, आमच्याकडच्या लहान बहिणी तेवढ्यावर खूश.

अकाऊंटचं आधीच स्पष्ट सांगतो. गेम विकत घेतलेलं मायक्रोसॉफ्ट अकाऊंट लागतं, त्याच्याशिवाय चालत नाही, आणि फुकटात गेम देणारे जे बदललेले लॉन्चर फिरतात त्यांच्या नादाला लागू नका. एकदा लॉगिन होऊन सगळं उतरलं की नंतर नेट नसताना ऑफलाइन उघडता येतं. मोबाइलवरचं बेडरॉक, म्हणजे माइनक्राफ्टची दुसरी आवृत्ती, याच्यात चालत नाही. पण २०२२ पासून पीसीवर जावा आणि बेडरॉक दोन्ही मिळून एकच विकतात, तेव्हा पीसीसाठी बेडरॉक घेतलेलं असंल तर जावापण तुमच्याकडं आहे का ते बघून घ्या.

व्हायरसबद्दल आईवडील विचारतात आणि ते बरोबरच विचारतात. २०२३ च्या जूनमध्ये फ्रॅक्चरायझर नावाचा मालवेअर कर्सफोर्ज आणि बुकिट या साइटवरच्या काही मॉडमधून पसरला होता, मॉड करणाऱ्यांची अकाऊंट हॅक करून घातलेला. मॉड म्हणजे शेवटी तुमच्या पीसीवर चालणारा प्रोग्रॅमच, आणि आत काय आहे ते कुठलाही लॉन्चर वाचून देत नाही. त्यामुळं ज्याला भरपूर लोक वापरतात, ज्याचा कोड उघडा आहे असेच घ्या, आणि टेलिग्रामवर कुणी जार फाइल टाकली तर उघडूसुद्धा नका. प्रिझमसुद्धा त्याच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या, प्रिझमलॉन्चर डॉट ऑर्ग, त्या नावासारखी दुसरी कुठलीही नको. तसा हा जुन्याच घराण्यातला आहे, मल्टीएमसी नावाच्या जुन्या लॉन्चरमधून पॉलीएमसी निघाला, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये तिथं फूट पडली आणि काम करणाऱ्या बाकीच्यांनी प्रिझम काढला.

गेम क्रॅश झाला तर घाबरायचं कारण नाही. लॉग टॅबमध्ये काय झालं ते सगळं येतं आणि तिथूनच एका बटणावर अपलोड होऊन लिंक मिळते, ती जाणकाराला पाठवायची. कुठल्या मॉडमुळं झालंय ते हुडकायचं असंल तर मॉड काढून टाकायची गरज नाही, नावापुढची टिक काढली की तो बंद, निम्मे बंद करून चालवून बघायचं, मग उरलेल्यांतले निम्मे, असं करत सापडतो.

मित्रांबरोबर खेळायला मॉड आणि त्यांची व्हर्जन जुळावी लागतात, तिथं एक्सपोर्ट कामाला येतं. एमआरपॅक या प्रकारात एक्सपोर्ट केलं तर मॉडरिंथवरच्या मॉडच्या नुस्त्या लिंक जातात, फाइल छोटी होते, व्हॉट्सॲपवर पाठवता येते. झिप केलं तर मॉडसकट सगळं जातं. आमच्यातला एक जण इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर असतो, तिथलं वायफाय जेमतेम, त्याला आम्ही पेन ड्राईव्हवर झिप देतो, तो इम्पोर्ट करतो आणि रविवारी घरी आला की लॅनवर सगळे मिळून किल्ल्याच्या कामाला लागतो.

पावसाळ्यात लाईट जाते त्याचं एक बघा, आपल्याकडं जून-जुलैत दिवसातून कितीदा जाईल सांगता येत नाही, आणि यूपीएस नसताना गेम चालू असेल तर वर्ल्ड बिघडू शकतं. प्रिझम आपणहून बॅकअप घेत नाही. वर्ल्ड्स टॅबमध्ये कॉपी आहे, मोठं काम झालं की ती करायची सवय लावून घ्या, नाहीतर पूर्ण इन्स्टन्सवर राइट क्लिक करून कॉपी.

आणि माइनक्राफ्टचं नवीन व्हर्जन आलं की चालू इन्स्टन्सचं व्हर्जन बदलत बसू नका. वर्ल्ड एकदा नव्यात उघडलं की परत जुन्यात नीट येत नाही. इन्स्टन्सची कॉपी करा, कॉपीत व्हर्जन आणि लोडर बदला, मग मॉड्समध्ये चेक फॉर अपडेट्स दाबा, ज्यांचं नव्यासाठी काही आलेलं नाही त्यांची यादी तो दाखवतो. आम्ही लाइटमॅटिका त्या यादीतनं जाईपर्यंत किल्ला जुन्या व्हर्जनवरच बांधतो.