स्टॉपलॉस लावू की पुट घेऊ?

कोथरूडच्या एका मैत्रिणीला कंपनीच्या तिमाही निकालाआधी शेअर घ्यायचाय, पण तोटा कशाने रोखावा हे ठरत नाहीये: स्टॉपलॉसने, म्हणजे भाव ठरलेल्या पातळीला आला की आपोआप विकणाऱ्या ऑर्डरने, की पुटने, म्हणजे ठरलेल्या मुदतीपर्यंत ठरलेल्या भावाला शेअर विकण्याचा हक्क विकत घेऊन. कुठलाही मार्ग निवडला तरी आधी एक हिशोब कागदावर हवाच. भांडवल 2 लाख, एका सौद्यात 1 टक्काच जोखीम, म्हणजे 2,000 रुपये. खरेदी 500 ला आणि स्टॉपलॉस 480 ला, तर एका शेअरमागे जोखीम 20 रुपये, म्हणून शेअर 100. त्याहून एकही जास्त नको.

खर्चात स्टॉपलॉस सरस, ऑर्डर लावायला वेगळे पैसे पडत नाहीत. पुटचा प्रीमियम, म्हणजे त्या हक्काची किंमत, भाव पडला नाही तरी जातो, आणि निकालाच्या तोंडावर तो महाग असतो.

भरवशाचं मात्र उलट आहे. निकाल बाजार बंद झाल्यावर आला आणि सकाळी सव्वानऊला शेअर थेट 450 ला उघडला, तर 480 चा स्टॉपलॉस 450 च्या आसपास निघेल. तोटा 2,000 नव्हे, 5,000. लिमिट, म्हणजे ‘या भावाखाली विकू नको’ अशी अट, लावलेला स्टॉपलॉस तर विकलाच न जाता पडून राहू शकतो. 480 चा पुट असेल तर मुदतीपर्यंत तिथून खालचा तोटा भरून निघतो.

पण पुट ठरलेल्या लॉटमध्येच, म्हणजे ठराविक शेअर्सच्या गठ्ठ्यातच मिळतो, तोही मोजक्याच शेअर्सवर. 100 शेअरला तो जुळणार नाही.

दिवसभरात सौदा मिटवणाऱ्याला स्टॉपलॉस पुरे. लॉटभर शेअर निकालापार धरायचे असतील तर पुट घ्यावा. मैत्रिणीने निकाल लागल्यावरच खरेदी करावी, असं मला मनापासून वाटतं.