स्मरणिका छापायची असेल तर नंदुरबारचा हा प्रेस

नंदुरबारला स्मरणिका, अहवाल किंवा छोटं पुस्तक छापायचं असेल तर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीतल्या जुन्या ऑफसेट प्रेसवर आधी जा. पाटी धुरकट झाली आहे, शेजारच्या झेरॉक्सवाल्याला विचारलं की तो दाखवतो. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स कुठेही होतात. मजकूर वाचून छापणारा माणूस मात्र आता शोधावा लागतो, आणि तो इथे आहे.

आम्ही धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शहादा भागातले आदिवासी वकील. आमच्या गावांतून पहिल्यांदा वकिलीची सनद कुणी घेतली, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात पावरी बोली बोलणाऱ्या म्हातारीचं म्हणणं कोर्टापर्यंत नीट पोचावं म्हणून कोण उभं राहिलं, वनहक्काचे दावे कुणी फुकट लढवले, हे सगळं आजवर फक्त बाररूममध्ये चहा पिताना बोललं जायचं. ते कागदावर यावं म्हणून स्मरणिका काढली. डेमी साइज, 96 पानं, आत 80 जीएसएम वजनाचा मॅपलिथो कागद, मुखपृष्ठाला आर्ट कार्ड, 300 प्रती.

त्यातला मोठा लेख माझा होता, अमेरिकेतल्या लॅटिनो, म्हणजे मेक्सिको, प्वेर्तो रिकोसारख्या स्पॅनिश बोलणाऱ्या भागांतून आलेल्या घरांतल्या वकिलांच्या संघटनांवर. नंदुरबारच्या स्मरणिकेत टेक्सास कशाला, असं आमच्यातल्याही काहींनी विचारलं. मला तो लेख हवाच होता. 1951 मध्ये टेक्सासातल्या जॅक्सन परगण्यात पीट हर्नांडेझ या शेतमजुरावर खुनाचा खटला झाला. त्या परगण्यात मेक्सिकन वंशाची भरपूर वस्ती, तरी 25 वर्षांत त्यांच्यातला एकही माणूस ज्युरीत, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवायला बसवलेल्या सामान्य नागरिकांत, बसला नव्हता. सरकारपक्ष म्हणायचा, मेक्सिकन लोक कायद्याने गोरेच धरले जातात, मग गोऱ्यांच्या ज्युरीत भेदभाव कसला? आणि त्याच कोर्टाच्या इमारतीत पुरुषांची दोन स्वच्छतागृहं होती. एकावर काहीच लिहिलेलं नाही. दुसऱ्यावर काळ्यांसाठी पाटी, आणि तिच्याच खाली स्पॅनिशमध्ये ‘पुरुष इथे’. गस गार्सिया आणि कार्लोस काडेना हे दोन मेक्सिकन-अमेरिकन वकील हा मुद्दा वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात घेऊन गेले, आणि 3 मे 1954 रोजी सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी एकमताचा निकाल त्यांच्या बाजूने दिला. हर्नांडेझवर पुन्हा खटला चालला आणि तो पुन्हा दोषीच ठरला. म्हणून मला ही केस मोठी वाटते. भांडण त्याला सोडवण्यापुरतं नव्हतंच, निवाडा करायला कोण बसणार याचं होतं.

संघटना अशाच गरजेतून झाल्या. न्यूयॉर्कला प्वेर्तो रिकन वकिलांची 1957 मध्ये. कॅलिफोर्नियात 1972 मध्ये ‘ला रासा’ नावाने देशपातळीवरची, जी आज हिस्पॅनिक नॅशनल बार असोसिएशन म्हणून ओळखली जाते. 2009 मध्ये ब्राँक्समध्ये वाढलेल्या, प्वेर्तो रिकन आईबापांच्या सोनिया सोतोमायोर सर्वोच्च न्यायालयात बसल्या, त्या तिथल्या पहिल्या लॅटिना न्यायाधीश.

आता प्रेसचं. डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं लावायचं काम करणारे काका साठीच्या पुढचे. माझा लेख त्यांनी लावायच्या आधी अख्खा वाचला आणि फोन केला, “वकीलताई, ही ज्युरी आपल्याकडे का नाही ते दोन ओळींत टाका ना, वाचणाऱ्याला कळणार नाही.” खरंच होतं. आपल्याकडेही ज्युरी होती, 1959 च्या नानावटी खटल्यानंतर ती मोडीत निघत गेली आणि 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही, अशी टीप त्या पानाखाली गेली. असा फोन करणारा प्रेसवाला मला याआधी भेटला नव्हता.

पण मी हे लिहायला बसले ते फोटोंमुळे. आमच्या जुन्या वकिलांचे फोटो म्हणजे सनदेच्या अर्जावर लावलेले पासपोर्ट साइज, कोपऱ्यावर शिक्का, मध्ये स्टेपलरची भोकं. मागे दुसऱ्या एका ठिकाणी कार्यक्रमाचं बॅनर केलं होतं, तिथे न विचारता सगळ्यांचे चेहरे गोरेपान करून दिले होते. एका दादांची आई बॅनरसमोर उभी राहून मुलगा शोधत होती. इथे काकांनी शिक्क्याची शाई काढली, भोकं बुजवली, सुरकुत्या आणि रंग जसाच्या तसा ठेवला. मशीनवरच्या पोऱ्याने “थोडं ब्राइट करू का?” विचारलं तर काका म्हणाले, “हाऊ फोटो असाच ऱ्हाऊ दे. त्यासना घरना लोके वळखतीन.” प्रत्येक फोटोची वेगळी प्रिंट काढून त्यांनी ती आमच्या हातात दिली, घरच्यांना दाखवून आणा म्हणाले, आणि होकार आल्यावरच प्लेट काढली.

उणं सांगायला हवं. वेळ पाळत नाहीत. लग्नसराईत पत्रिकांची कामं आधी घेतात आणि तुमचा फर्मा, म्हणजे एकदम छापायची पानं, पडून राहतो. आम्हाला प्रती कार्यक्रमाच्या आदल्या रात्री मिळाल्या, तेव्हा बाइंडिंगचा गोंद ओला होता आणि काही प्रतींच्या मुखपृष्ठावर लॅमिनेशनचे बुडबुडे होते. त्या प्रती त्यांनी नंतर कुरकुर न करता बदलून दिल्या, पण कार्यक्रमात पाहुण्यांच्या हातात त्याच गेल्या याचं वाईट वाटलं. मोबाइलवर टाइप केलेला मजकूर त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये नेताना रफार आणि ‘ऱ्या’ हमखास तुटतात. पहिल्या प्रुफात ‘दुसऱ्या’ हा शब्द जवळपास प्रत्येक पानावर मोडलेला होता. पक्कं बिल मागितलं तर देतात, पण मागावं लागतं.

दर म्हणाल तर आम्हाला प्रत 110 रुपयांना पडली. नाशिकहून कमी दराचं कोटेशन आलं होतं, पण त्यात प्रूफ फक्त पीडीएफवर आणि फोटोंचं काम वेगळं. इथे कागदावर तीन प्रुफं मिळाली, तिसऱ्याचे पैसे लावले नाहीत.

जाणार असाल तर मजकूर पेनड्राइव्हवर न्या आणि सोबत छापील प्रतही ठेवा, म्हणजे तुटलेली अक्षरं लगेच ताडून पाहता येतात. तारीख लेखी घ्या, आणि आपल्या कार्यक्रमाच्या आठवडाभर आधीची सांगा. फोटो मूळचेच द्या, व्हॉट्सॲपवर आलेले नकोत. काका दुपारी दोन ते चार जेवायला घरी असतात, त्या वेळात पोऱ्याकडे काम टाकून येऊ नका, त्यांची वाट बघा.