पुरात भिजलेला बेस, आठ महिने वाजवल्यानंतर

माझ्या बेस गिटारच्या क्रीम रंगाच्या बॉडीवर, मानेकडच्या पिकअपच्या (तारांचं कंपन विजेत बदलणारा भाग) जरा खाली, एक आडवी तपकिरी रेघ आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं त्याची ती खूण. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ज्या काकांकडून मी हा बेस घेतला, त्यांनी घरातलं होतं नव्हतं ते सगळं माडीवर नेऊन ठेवलं होतं, आणि माडीवरही वीतभर पाणी आलं. बेस बॅगेत घालून भिंतीला टेकवून उभा होता. बुडखा पाण्यात, मान वर. ही मान वर राहिली म्हणूनच आज लिहायला काही आहे.

काका पूर्वी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. पुरानंतर त्यांनी बॅगेची चेनसुद्धा उघडली नव्हती. मागच्या ऑक्टोबरात मी बघायला गेले तेव्हा किंमत विचारली, तर म्हणाले, "वाजणार असेल तर घेऊन जा की, पोरी." मी चार हजार हातात ठेवले. हेडस्टॉकवरचा (मानेचं खुंट्या असलेलं टोक) लोगो कुणीतरी कधीच खरवडलेला आहे, त्यामुळे कंपनी सांगता येत नाही. घडण मात्र जॅझ बेसची: दोन सिंगल कॉइल पिकअप, दोन व्हॉल्यूम, एक टोन, ३४ इंची स्केल (तारेची वाजती लांबी). फेंडरने हे मॉडेल १९६० मध्ये आणलं आणि त्याच्या नकला इतक्या निघाल्या की पिकअपपासून खुंट्यांपर्यंत बहुतेक सुटे भाग सहज मिळतात. कमी पैशात दुरुस्ती करायची असेल तर ही गोष्ट फार मोलाची. वेगळ्याच आकाराचा बेस कितीही देखणा असला तरी त्याची खुंटी शोधताना वर्ष जातं.

घेण्याआधी मी फक्त मान तपासली. बुडख्याकडून एक डोळा मिटून दोन्ही कडा बघितल्या. मग ई तार (सगळ्यात जाड) पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) दाबून धरली आणि मधे किती फट राहते ते बघितलं. मान पुढे वाकली होती, पण पिळलेली नव्हती. वाकलेली मान तिच्या आतल्या धातूच्या सळईने, म्हणजे ट्रस रॉडने, सरळ होते. पिळलेली असेल तर फुकट मिळाला तरी घेऊ नका, बाकीचं सगळं हाताने करता येतं.

घरी आणून कंट्रोल प्लेट काढायला घेतली तर एकही स्क्रू हलेना. गंजलेल्या स्क्रूच्या डोक्यावर सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक अर्धा मिनिट टेकवलं आणि लगेच पेचकस लावला, की हलकासा 'टक्' आवाज येऊन तो सुटतो. अकरातले नऊ असे निघाले, दोन तुटले. प्लेट उचलली तर आत गाळ. वाळून भेगाळलेला, पिठासारखा बारीक, नदीकाठच्या रानात असतो तसाच. तो जुन्या टूथब्रशने काढला आणि मग ब्लोअरने उडवला. पाणी अजिबात लावलं नाही. लाकडाच्या खालच्या कडेला पॉलिश फुगून सुटलं होतं. सुटलेले पापुद्रे घासून काढले, उघड्या लाकडावर क्लिअर लॅकरचे तीन हात दिले. काळा डाग राहिलाय, तो राहू दे.

सगळ्यात जीव लावून केलेलं काम पिकअपचं. मल्टीमीटर लावला तर मानेकडचा पिकअप ७.२ किलोओहम दाखवत होता, म्हणजे ठणठणीत. ब्रिजकडचा, म्हणजे तारा बुडख्याशी जिथे टेकतात तिथला, मात्र काहीच दाखवेना. नवा घ्यायचा तर माझं गणितच कोलमडत होतं. कव्हर काढून भिंगाखाली धरला तेव्हा कळलं, की गुंडाळी आतून शाबूत आहे. बाहेरच्या वायरला जिथे ती जोडतात त्या छोट्या पितळी कडीपाशी हिरवा गंज चढून तार तुटली होती. ही तार केसाएवढी बारीक असते आणि तिच्यावर इनॅमलचा थर असतो. तो काढल्याशिवाय सोल्डर धरत नाही. बाहेरचा एकच वेढा सोडवला, टोक बारीक पॉलिश पेपरच्या घडीत धरून दोनदा अलगद ओढलं, तेव्हा तांबूस चमक दिसली. पहिल्यांदा जोडताना तार पुन्हा तुटली, अजून एक वेढा सोडवला. दुसऱ्यांदा कथिलाचा थेंब बसला आणि मीटरवर ७.४ आलं. रात्रीचे साडेबारा वाजले होते, मी आईला उठवून तो आकडा दाखवला. आठ महिन्यांत त्या जोडाने कधीही दगा दिलेला नाही.

पॉट (व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणांखालचे भाग), जॅक, कॅपॅसिटर सगळं नवं घातलं. रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानात '२५० के' एवढंच सांगू नका, लॉग म्हणून मागा. बहुतेक पॉटवर लॉगला ए आणि लिनिअरला बी छापलेलं असतं. मी न बघता बी आणले, तर व्हॉल्यूम दहावरून तीनपर्यंत आणला तरी फारसा फरक नाही आणि तिथून पुढे एकदम गप्प. परत जाऊन बदलून आणले. टोनचा कॅपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरडचा, त्यावर ४७३ असं लिहिलेलं असतं. पाच रुपयांचा हिरवा पॉलिस्टर घातला. याच कामासाठी काही शे रुपयांचे कॅपॅसिटर विकतात. मित्राकडचा एक लावून ऐकला, मला फरक ऐकू आला नाही.

मग गुणगुण. तारांना हात लावला की थांबायची, सोडला की सुरू. ब्रिजखालून व्हॉल्यूमच्या पॉटला जाणारी अर्थची वायर गंजून तुटली होती. ती घातली, कंट्रोलच्या खोबणीला आतून तांब्याची टेप लावली आणि तिलाही अर्थ दिला. तरी थोडी राहिलीच, कारण आमच्या जुन्या घराच्या त्या खोलीत थ्री-पिनच्या वरच्या भोकात अर्थिंग पोचतच नव्हतं. इलेक्ट्रिशियनला बोलावून ते करून घेतलं. ते काम बेसच्या खर्चात धरलेलं नाही, कारण ते घरासाठी करायलाच हवं होतं. आता दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असले की आवाज स्वच्छ असतो, कारण या घडणीत दोन पिकअप एकमेकांची गुणगुण खोडतात. एकच उघडा ठेवला की किंचित येते. आपल्या विजेची गुणगुण ५० हर्ट्झची आणि ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी ४९ हर्ट्झचा. त्या एका सुरावर ती गुणगुण सुराला चिकटून लहरते, हे मला शांत खोलीत हेडफोन लावल्यावर पहिल्यांदा जाणवलं.

ट्रस रॉडच्या किल्लीने आठवडा घेतला. साडेचार मिलिमीटरची सैल, पाचची आत जाईना. जबरदस्ती करू नका. रॉडच्या नटाचे कोपरे एकदा झिजले तर मान गेली. माप निघालं ३/१६ इंच, ती किल्ली ऑनलाइन मागवली. फट मोजायला गॅरेजमध्ये टॅपेट सेटिंगला वापरतात ते फिलर गेज घेतलं. पहिला फ्रेट आणि शेवटचा फ्रेट दाबून आठव्यापाशी ०.३० मिलिमीटरची पाती जेमतेम जावी. चार तारांचा ताण मिळून ७०-८० किलोच्या घरात असतो आणि लाकूड तो सावकाश पचवतं. म्हणून पाव फेरा फिरवायचा, एक दिवस थांबायचं, पुन्हा मोजायचं. मला पाच दिवस लागले.

मानेच्या टोकाला तारा ज्या पट्टीच्या खाचांतून जातात तिची, म्हणजे दुसऱ्या नटाची, गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. डी तारेची खाच खोल गेली होती. खायचा सोडा भरून त्यावर फेविक्विकचा थेंब टाकायचा आणि घट्ट झाल्यावर पुन्हा खाच कोरायची, ही युक्ती मी केली. ती फेब्रुवारीपर्यंत टिकली. मग मोकळी डी तार सतारीसारखी झणझणायला लागली. सतार म्हटल्यावर मिरज आठवलं. दहा किलोमीटरवर पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे घडवणारी माणसं बसलीत, त्यांच्या या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, आणि मी नट कुरियरने मागवायला निघाले होते. एका कारागिरांकडे बेस घेऊन गेले. त्यांनी पहिल्यांदा तार छेडली, कान लावला आणि म्हणाले, "ताई, आम्ही जन्मभर जवारी काढायला बसतो आणि तुम्हाला ती घालवायची आहे." जवारी म्हणजे सतारीची ती झणझण. मग हाडाची पट्टी घेऊन कानशीने दोन तास घासत बसले. एक खाच कोरायची, तार बसवायची, ऐकायचं, पुन्हा दोन हात मारायचे. मापाचं कोणतंही यंत्र नाही. शेवटी मी घरी येऊन फिलर गेज लावलं, चारही तारा पहिल्या फ्रेटवर एकसारख्या. आठशे पन्नास रुपये घेतले. या अख्ख्या बेसवर सगळ्यात सत्कारणी लागलेला पैसा हा.

एक खुंटी वाकलेली होती, पण सुटी मिळाली नाही, चारांचा संच घ्यावा लागला, सोळाशे. तारा ४५ ते १०० मापाच्या निकेल, एकोणीसशे. जुन्या तारा उकळून पुन्हा वापरता येतात हे खरं आहे, मळ निघतो आणि आठ-दहा दिवस आवाज खुलतो, पण माझ्या गंजलेल्या होत्या, त्यांना इलाज नव्हता. पॉट-जॅक-वायर ४८०, तांब्याची टेप ३५०, किल्ली आणि गेज ३३०, फेविकॉल, पॉलिश पेपर, लॅकर असं किरकोळ २४०. बेस धरून ९,७५० रुपये. सोल्डरिंग आयर्न आणि मल्टीमीटर बाबांचे होते.

न टिकलेल्या गोष्टीही सांगते. पट्ट्याच्या बटणाचं भोक सडलं होतं, तिथे टूथपिक आणि फेविकॉल भरलं. प्लेटच्या बारीक स्क्रूंना ते चाललं, अजून घट्ट आहेत. पण चार किलोचं वजन ज्या स्क्रूवर लटकतं तिथे नाही चाललं. जानेवारीत उभ्याने वाजवताना बटण निघून आलं, गुडघ्यावर झेललं म्हणून बेस वाचला. सुताराकडून आठ मिलिमीटरचं भोक पाडून सागवानाची खुंटी ठोकून घेतली, त्याने पैसे घेतले नाहीत. टोनचा स्वस्त पॉट मे महिन्यात खरखरायला लागला. क्लीनर मारला, महिनाभर गप्प बसला, पुन्हा सुरू. व्हॉल्यूमचे दोन नीट आहेत, पण पुन्हा करायचं झालं तर पॉटवर जास्त पैसे घालेन. जी तारेवर सहाव्या फ्रेटपाशी सूर लवकर विझतो. हा दोष पुराचा नाही, या घडणीच्या बऱ्याच बेसमध्ये पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास असतो. हेडस्टॉकला वजन लावलं की जागा थोडी सरकते. मी तो सूर डी तारेवर अकराव्या फ्रेटला घेते.

आता पाऊस सुरू आहे. मेमध्ये ०.३० असलेली फट जुलैत ०.४५ झाली, दमट हवेने मान पुन्हा थोडी पुढे आली. अष्टमांश फेऱ्याचं काम, पण ते वर्षातून दोनदा करावं लागणार हे धरून चाला. फिंगरबोर्ड शिसवीचा आहे, त्याला महिन्यातून एकदा कापडाने थेंबभर तेल लावते. शिसवीवर २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, तेव्हापासून बऱ्याच स्वस्त गिटारींवर 'इंडियन लॉरेल' दिसायला लागलं. ते म्हणजे आपला ऐन, सह्याद्रीत चढताना मगरीच्या पाठीसारख्या सालीचा दिसतो तो.

ब्रिज तोच जुना ठेवलाय. सॅडलचे, म्हणजे तारा टेकायच्या ब्रिजवरच्या ठोकळ्यांचे, स्क्रू रात्रभर तेलात भिजवून मोकळे केले, गंजाचे खड्डे दिसतात पण तारांची उंची नीट धरतो. पहिल्या तीन फ्रेटवर आता ई आणि ए तारांखाली चर पडायला लागलेत, नखाला लागतात. मिरजेच्या कारागिरांना फोटो पाठवला. म्हणाले, कार्यक्रम उरकू देत तुमचे, गणपतीनंतर घेऊन या.