९० चं मशीन, ११५ चं स्टिकर आणि माझे ४,८५,००० रुपये

आधीच सांगतो, मी या धंद्यात नवा नाही. मालवणजवळच्या देवबागात वाढलो. वडिलांच्या होडीवरचं ९.९ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक मशीन दोरी ओढून चालू करायला शिकलो तेव्हा सातवीत होतो. एकोणीस वर्षं बोटीवर काढली. तरी मला ४,८५,००० रुपयांना गंडवलं, तेही बोटीच्या ९० हॉर्सपॉवरच्या जुन्या मशीनवर, म्हणजे इंजिनवर, ११५ चं स्टिकर लावून. हसायचं त्यांनी हसून घ्या, आमच्या गावात हसून झालंय.

बोट २३ फुटी, फायबरची, सेंटर कन्सोल. स्टिअरिंग मधोमध आणि चारी बाजूंनी फिरायला मोकळी, त्यामुळे गळ टाकायला येणारी गिऱ्हाइकं खूश असतात. तिला किती हॉर्सपॉवरचं मशीन लागेल याचा हिशोब मी व्यवस्थित केला होता, हे इथे नोंदवून ठेवतो. रिकामी बोट १,००० किलो, दहा माणसं ७५०, मशीन १६५, दीडशे लिटर पेट्रोलचे ११०, वर बर्फ, जॅकेटं, नांगर. बेरीज २,१०० च्या आसपास. भरलेल्या बोटीला दर १८ किलोमागे एक हॉर्सपॉवर हा ढोबळ नियम, म्हणजे ११५. त्याच बोटीला ९० लावलं तर प्रत्येक हॉर्सपॉवरवर २३ किलो येतात. मग बोट पाण्यावर उठत नाही, नाळ म्हणजे पुढचं टोक आभाळाकडे करून पाणी ढकलत बसते आणि पेट्रोल पिते. हे सगळं मला पाठ होतं. तरी शेवटी ९० चंच लावलं, फक्त ते ९० चं आहे हे मला माहीत नव्हतं.

रायगडातल्या एका खाडीवरचा एजंट. "दादा, इम्पोर्टेड ११५, फक्त २१२ तास चाललंय, मालक परदेशी गेला." पुढची कॅसेट तुम्हालाही पाठ असेल. ५०,००० मोबाईलवरून ॲडव्हान्स, ३,७५,००० आरटीजीएस आणि मोजून ६०,००० रोख. त्या रोख रकमेची पावती नाही, बिल ४,२५,००० चंच. यातले दोन लाख बायकोच्या पाटल्या गहाण टाकून आणलेले. नवं मशीन का नाही घेतलं म्हणणाऱ्यांनी नव्याचा भाव विचारून यावा. दिवाळीची बुकिंगं घेऊन ठेवली होती, पुण्याच्या लोकांचे ॲडव्हान्स खर्च झाले होते. घाई होती.

आता तो क्षण, जो रोज रात्री आठवतो.

मशीनच्या टोपीचा काळा रंग उन्हाने पांढुरका पडलेला, आणि त्यावरचे ११५ चे आकडे मात्र कालच छापल्यासारखे चकचकीत. शेवटच्या ५ चा खालचा कोपरा सुटून जरा वर आला होता. नख घातलं असतं तर खालचा शून्य दिसला असता. मी काय केलं? अंगठ्याने दाबून तो कोपरा परत चिकटवला! म्हटलं, चांगलं मशीन आहे, वाईट दिसायला नको. एजंट शेजारीच उभा होता. तो काही बोलला नाही, चहा मागवला.

ट्रायल त्याच्याच अठरा फुटी हलक्या बोटीवर, माणसं दोन. आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला किती फेरे ते दाखवणारा काटा ५,८०० वर गेला. "बघा दादा, पुरी ताकद." फोनवर वेग २३ नॉट, म्हणजे ताशी २३ सागरी मैल, दिसत होता. एवढ्या हलक्या बोटीला ११५ असून फक्त २३? डोक्यात आलं होतं. तो म्हणाला, भरती उलटी आहे. खरी गोम पाण्यातल्या पंख्यात, म्हणजे प्रोपेलरमध्ये होती. त्याने १३ पिचचा पंखा लावला होता. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा किती इंच पुढे सरकेल तो आकडा. पिच लहान घेतला की मशीन मोकळं पळतं, आरपीएम चढतो आणि ताकद आहे असं वाटतं. पिच एका इंचाने कमी-जास्त झाला की साधारण २०० आरपीएमचा फरक पडतो. आकडा पंख्यावरच कोरलेला असतो, वाचायला पैसे पडत नाहीत. आणि ट्रायल आपल्याच बोटीवर घ्या. माणसं नसतील तर २० लिटरचे पाण्याचे कॅन भरून ठेवा, पण वजन पुरं ठेवा.

माझ्या बोटीवर आठ गिऱ्हाइकं बसली तेव्हा काटा ४,३०० च्या वर जाईना. एजंट फोनवर म्हणाला, पंखा बदला. १८,५०० चा स्टीलचा पंखाही त्यानेच पाठवला. दिवाळीच्या तिसऱ्या दिवशी संगमावरून आत येताना मागून लाट आली, मी पूर्ण थ्रॉटल दिला आणि बोट जागेवरच नाळ वर करून बसली. पाणी मागच्या फळीवरून आत. कोणाला काही झालं नाही. गणपतीला नारळ ठेवलाय.

मग वेंगुर्ल्याच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने लॅपटॉप जोडला. तास १,३८६. टोपी काढून ब्लॉकवरची बुचासारखी गोल चकती कापडाने पुसली. तिच्यावरचा नंबर वेगळा, मागच्या कंसावरच्या प्लेटवरचा वेगळा. प्लेटचे रिव्हेटही नवेकोरे. तो शांतपणे म्हणाला, "भावा, ह्या नव्वदचा आसा." एकाच ब्लॉकवर वेगवेगळ्या ताकदीची मशीनं बनतात. मर्क्युरीच्या २.१ लिटर चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोकमध्ये ७५, ९०, ११५ बाहेरून सारखीच. यात कंपनीचा दोष नाही, फायदा मात्र असले चोर उठवतात. टू-स्ट्रोकच्या काळात आम्हाला आवाजावरून कळायचं, या फोर-स्ट्रोकला आवाजच नाही. तेव्हा दोन्ही नंबर जुळवल्याशिवाय आणि लॅपटॉप लावल्याशिवाय एक रुपया देऊ नका. मेकॅनिक आपला न्या, विकणाऱ्याने आणलेला नाही.

पोलीस ठाण्यात गेलो. हवालदाराने फोटो मोठा करून पाहिला. "यावर ११५ लिहिलंय की. मग तक्रार कसली?" दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, हे दिवाणी प्रकरण, आणि एजंट रायगडचा, तिकडे जा. तिकडे गेलो तर म्हणाले, माल मालवणात उतरला, तिकडेच तक्रार द्या. हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, झिरो एफआयआर असते, आणि फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, हे मला वकिलाने १,५०० रुपये घेऊन सांगितलं. पोलिसांना फुकट माहीत असायला हवं होतं.

बोटींची नोंदणी बघणाऱ्या ऑफिसची तर कमालच. तपासणीला आलेल्या माणसाने टोपीवरचं वाचून कागदावर ११५ लिहिलं. आता दुरुस्त करा म्हटलं तर म्हणतात, ९० चं बिल आणा. अहो, ९० चं बिल असतं तर मी रडत आलो असतो का? म्हणजे कागदावर माझी बोट आजही ११५ ची. उद्या काही झालं तर विमावाला हाच कागद माझ्या तोंडावर मारणार.

ग्राहक आयोगाच्या खिडकीवर ऐकलं, "धंद्यासाठी घेतलं ना? मग तुम्ही ग्राहक नाही." मान खाली घालून घरी आलो. नंतर कळलं, २०१९ च्या कायद्यातच लिहिलंय की स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 'धंद्यासाठी' धरत नाहीत, म्हणजे मी ग्राहकच. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही, मुदत दोन वर्षं. खिडकीवर कोणी काहीही सांगो, अर्ज दाखल करून पोच घ्या. मी केलाय. फक्त ते ६०,००० रोख दिल्याचं सिद्ध करणं अवघड आहे, कारण माझ्याच अक्कलहुशारीने ते बिलात नाहीत.

एजंटने नंबर बदललाय. गेल्या आठवड्यात रत्नागिरीच्या एका ओळखीच्याने फोटो पाठवून विचारलं, घेऊ का? "११५, १९८ तास, अर्जंट, ४,६०,०००." मशीन दुसरं होतं. पण मागे तोच निळा ड्रम, वरून खालपर्यंत तडकलेला, ज्याला टेकून मी त्याचा चहा प्यायलो होतो.