ओळखीच्या नावाने आलेला मेल आणि सगळ्या फाइली लॉक

अनोळखी मेल उघडू नका हे सगळेच सांगतात, पण आमच्याकडे आलेला मेल अनोळखी नव्हताच ना. अकाउंट्स बघणाऱ्या ताईंचं एका सप्लायरशी बिलावरून मेलवर बोलणं चालू होतं, त्यालाच रिप्लाय म्हणून हा आला, खाली आधीचं सगळं बोलणं जसंच्या तसं आणि वर एकच ओळ, 'सुधारित बिल जोडलंय, बघून घ्या', सोबत झिप फाइलचा पासवर्ड. नंतर कळलं की सप्लायरचाच मेलबॉक्स कोणीतरी हॅक केला होता आणि तिथली जुनी संभाषणं उचलून हे लोक रिप्लाय पाठवत सुटले होते. इमोटेट नावाचा व्हायरस हेच करायचा, म्हणजे युक्ती नवीन नाही.

पासवर्ड बघून उलट विश्वास बसतो, वाटतं किती जपून पाठवलंय! खरी गोम अशी की पासवर्डवाली झिप मेलच्या स्कॅनरला सहसा उघडून तपासता येत नाही. आत वर्डची फाइल, तिच्यात एक धूसर चित्र आणि 'मजकूर दिसण्यासाठी वरचं एनेबल कंटेंट दाबा'. दाबलं की मॅक्रो, म्हणजे फाइलच्या आत दडलेला छोटा प्रोग्राम, चालू. पान तसंच राहिलं, ताईंना वाटलं फाइल खराब आहे, त्या कामाला लागल्या. दुसऱ्या दिवशी एकही एक्सेल उघडेना, फाइलींच्या नावापुढे भलतीच अक्षरं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी. बॅकअप होता हो, पण ती हार्ड डिस्क कायम कॉम्प्युटरलाच लावलेली, तीही लॉक झाली.

आमचं वर्ड जुनं होतं, म्हणून मॅक्रो अडला नाही. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने नेटवरून आलेल्या फाइलींचे मॅक्रो आपोआप ब्लॉक करायला सुरुवात केली, तर आता हे लोक झिपमध्ये शॉर्टकट नाहीतर आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची नक्कल एका फाइलीत) घालून पाठवतात. आणि विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवतं, म्हणून 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई', म्हणजे खरं तर एक प्रोग्राम, नुसतं 'बिल डॉट पीडीएफ' दिसतं, २००० सालच्या आय लव्ह यू व्हायरसनेही हाच फायदा घेतला होता. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू करून ठेवा, फुकटचं काम आहे.

चुकून क्लिक झालंच तर आधी नेट तोडा, वायफाय बंद, केबल बाहेर, आणि पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या मशीनवरून. फाइली लॉक झाल्या असतील तर पैसे भरण्याआधी नो मोअर रॅन्सम ही साइट बघा, काही रॅन्समवेअरची, म्हणजे फाइली लॉक करून पैसे मागणाऱ्या व्हायरसची, किल्ली तिथे फुकट मिळते. आमच्यावाल्याची नव्हती.